उंबऱ्यापुढचा खड्डा आणि मी

मी द्रवरूप नायट्रोजनचा एक जुना कॅन आहे. दिसायला दुधाच्या मोठ्या कॅनसारखाच. गळा अरुंद, पोट मोठं आणि दोन बाजूंना दोन कान. पण मित्रांनो, दुधाचा कॅन समजून माझ्यात हात घालू नका. माझ्या पोटात इतकी थंडी असते की ताजी भेंडी बुडवून काढली आणि फरशीवर टाकली, तर ती काचेसारखी फुटते. बोट घातलंत तर बोटाचंही तेच होईल. मी स्वभावाने गरीब नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्मच मारहाणीत झाला. पत्रा यंत्राखाली घालून दाबला, वाकवला, आगीने जोडला. एका कॅनच्या पोटात दुसरा कॅन बसवला आणि दोघांच्या मधली हवा शोषून घेतली. ती मधली पोकळी म्हणजे माझा जीव. ती शाबूत आहे तोवर मराठवाड्याचा उन्हाळा माझ्या पोटापर्यंत पोचत नाही. तिला चीर पडली की मी संपलो. हे लक्षात ठेवा.

मी पहिली नोकरी लासूर स्टेशनच्या एका जनावरांच्या डॉक्टरांकडे केली. जातिवंत वळूंचं बीज भरलेल्या बारीक कांड्या माझ्या पोटात असत. मोटारसायकलला दोरीने बांधून डॉक्टर मला गोठ्यागोठ्यात न्यायचे. एका देवणी गाईने मला अशी लाथ हाणली की मी थेट भिंतीवर आपटलो. डाव्या बाजूचा पोचा तिचाच. एकदा एका बहाद्दराने पैज लावून माझ्यात करंगळी बुडवली. पुढे ती कापावी लागली. मला अजिबात वाईट वाटलं नाही. सांगितलेलं ऐकायचं नाही आणि वर कॅनला शिव्या द्यायच्या!

डॉक्टर थकले, त्यांनी दवाखाना बंद केला आणि मी भंगारवाल्याकडे गेलो. तिथे फारूखभाईंनी मला पाहिलं. ते संभाजीनगरात एका प्रयोगशाळेत काम करायचे. त्यांनी माझ्या अंगावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "ये अभी जिंदा है." इतकं चांगलं माझ्याबद्दल कोणी बोललं नव्हतं. त्यांनी मला घासलं, धुतलं, पुन्हा पुन्हा तपासलं आणि अडीअडचणीला असावा म्हणून नायट्रोजन भरून कोपऱ्यात ठेवलं. मानाची जागा होती नव्या टाकीला. माणसाच्या उंचीची, काचेच्या पडद्यावर आकडे दाखवणारी. तिच्याकडे सगळे बघायचे. माझ्यावर लोक झाडू टेकवून ठेवायचे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या डॉक्टर तनुजा. बाळ जन्मलं की त्याच्या नाळेत थोडं रक्त उरतं. एरवी ते टाकूनच देतात. त्या रक्तात मूळ पेशी असतात, म्हणजे अजून काय व्हायचं ते न ठरलेल्या पेशी. तनुजाबाई आणि त्यांचे सोबती त्या पेशींना काही आठवडे खाऊपिऊ घालून वाढवायचे आणि त्यांच्या मारक पेशी बनवायचे. नाव ऐकून दचकलात ना? त्या मारेकरीच असतात. कर्करोगाची पेशी दिसली की तिला चिकटतात, तिच्या अंगाला भोकं पाडतात आणि आत विष सोडतात. ती फुगते, फुटते. सूक्ष्मदर्शकातून हे बघताना तनुजाबाई मुठी आवळून पुटपुटायच्या, "मार! अजून मार!" एरवी मुंगीवरही पाय न देणारी बाई. मला त्या फार आवडायच्या.

आपल्याकडे बाळंतपणातली वार उंबऱ्याजवळ पुरायची पद्धत आहे. हिंदू असो की मुसलमान, कितीतरी घरांत अजून पाळतात. म्हणून तनुजाबाईंनी एक नियम केला होता. रस्त्यापलीकडच्या इस्पितळातून नाळेचं रक्त घ्यायचं, तेही आईला विचारूनच. आणि वार मात्र मातीच्या मडक्यात घालून, वर फडकं बांधून, घरच्यांच्या हातात परत द्यायची. "आपण फक्त रक्त मागितलंय," त्या म्हणायच्या, "बाकीचं त्यांचं आहे."

एकदाच हे चुकलं, आणि ते त्यांच्याच हातून चुकलं.

दौलताबादच्या सरूबाईला मुलगा झाला होता. तिचा नवरा सांडू टेम्पो चालवायचा. मडकं घ्यायला तो येईपर्यंत तनुजाबाईंनी ते खोलीच्या खिडकीत ठेवलं, तेवढ्यात त्यांना फोन आला आणि त्या गेल्या. सफाईवाल्यांनी मडकं इस्पितळाच्या कचऱ्यात घातलं. सांडूने घरी उंबऱ्यापुढे पहारीने खड्डा खणून ठेवला होता. तो मडकं मागायला आला. परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कुणीतरी त्याला दारातूनच सांगितलं, "दिलंय की तुम्हाला. जा." तनुजाबाईंना हे कळलं होतं. लाज वाटली म्हणून त्या गप्प बसल्या. खड्डा तसाच राहिला. सांडूने त्यावर एक फरशी टाकून ठेवली.

त्या बाळाच्या रक्तापासून झालेल्या मारक पेशी आजवरच्या सगळ्यांत तिखट निघाल्या. त्यांच्या आठ कुप्या नव्या टाकीत गोठवून ठेवल्या. त्या सोयगावच्या मोनिकाला द्यायचं ठरलं. मोनिका कॉलेजात शिकणारी मुलगी. रक्ताच्या कर्करोगाने तिला घेरलं होतं आणि सगळी औषधं थकली होती. पेशी देण्याआधी जालीम औषधाने तिच्या शरीरातली राखण पार मोडून काढली, कारण नव्या पेशींना जागा हवी. आता साधी सर्दीही तिचा जीव घेऊ शकत होती. त्या आठ कुप्यांवाचून तिला दुसरा आधार नव्हता.

ज्या सकाळी तिला पेशी द्यायच्या होत्या, त्याच सकाळी दोन टेम्पो भरून माणसं आली. सांडूचं लेकरू पाच महिन्यांचं होऊन न्यूमोनियाने गेलं होतं. गावात बोललं गेलं की वार उंबऱ्यात पुरली नाही म्हणून पोर गेलं. शहरात पोरांच्या नाळा विकतात.

आधी खालच्या काचा फुटल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. फारूखभाईंनी दाराला कडी घातली आणि नव्या टाकीकडे पाहिलं. ती पाडल्याशिवाय हे लोक राहणार नाहीत, हे त्यांना कळलं असावं. कुप्यांची लांब दांड्याची डबी त्यांनी टाकीतून वर ओढली. घाईत दोन कुप्या निसटून फरशीवर फुटल्या. उरलेल्या सहा माझ्या पोटात उतरवून, झाकण लावून त्यांनी मला टेबलाखाली सारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला माझी अशी गरज लागली होती.

दार बिजागऱ्यांसकट आत पडलं. कुणी सूक्ष्मदर्शक उचलून भिंतीवर फेकला, कुणी पेशी वाढवायच्या उबवण्या खुर्चीने फोडल्या. कित्येक आठवडे वाढवलेल्या पेशी गुलाबी पाण्यासारख्या फरशीवर सांडल्या आणि चपलांखाली गेल्या. चार जणांनी नव्या टाकीला धक्का दिला. ती कोसळली आणि तिच्यातला नायट्रोजन उसळून बाहेर आला. खोलीभर पांढरं धुकं झालं. चपला घातलेला एक जण पाय धरून किंचाळत पडला. त्याचा तळवा सोलून निघाला होता.

"बाहर निकलो, दम घुटेगा!" फारूखभाई खोकत ओरडले. "भाऊ, मरोगे सब!"

बरेच जण पळाले. सांडू राहिला. त्याच्या हातात खड्डा खणलेली तीच पहार होती. फारूखभाई टेबलापुढे आडवे झालेले त्याला दिसले आणि त्यांच्यामागे मी दिसलो.

"काय लपवतूस रं? सरक!"

"नहीं सरकूँगा. इसमें एक लडकी की जान है."

"माझ्या पोराचा जीव कुटं ठिवला व्हता तुमी?"

पहार फारूखभाईंच्या हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ते बाजूला पडले आणि माझी पाळी आली. पहिला घाव पोटावर. मी गडगडत भिंतीशी गेलो. दुसरा त्याच जुन्या पोच्यावर. मित्रांनो, मी गाईची लाथ खाल्लेली होती, पण गाय रडत नव्हती. हा माणूस रडत मारत होता. मला त्याचा इतका राग आला की झाकण उडवून त्याचं तोंड भाजावं असं वाटलं. तिसरा घाव पडला आणि माझ्या आत बारीक 'टक' असं झालं. पोकळीला चीर पडली होती. हवा आत शिरली, पोटातला नायट्रोजन उकळू लागला आणि माझ्या अंगावर बाहेरून पांढरा बर्फ चढायला लागला.

तेवढ्यात तनुजाबाई इस्पितळातून धावत, धुक्यातून आत आल्या आणि माझ्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसल्या. चौथा घाव त्यांच्या कपाळाला चाटून गेला. रक्त माझ्या झाकणावर टपकलं आणि तिथंच गोठलं.

"तुमचं मडकं मी खिडकीत ठेवलं आणि विसरले, सांडूभाऊ," त्या म्हणाल्या. "ते कचऱ्यात गेलं. 'दिलंय' म्हणून तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

सांडूने पहार पुन्हा उचलली. "मंग आता मर की!"

"मारा. पण आधी ऐका. या कॅनमध्ये तुमच्याच बाळाच्या रक्तातल्या पेशी आहेत. कुप्यांवर नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण ज्या बाळाचं मडकं माझ्या हातून गेलं, त्याचा आकडा मी कशी विसरेन?"

"खोटं बोलतीस!"

"एकदा बोलले. आता नाही."

पहार वरच राहिली. सांडू माझ्या अंगावर पसरणाऱ्या बर्फाकडे बघत होता.

"जित्तं हाय?" त्याने विचारलं.

"आहे. पण कॅन फुटलाय. आता फार वेळ नाही."

त्याने माझ्यावर तळहात ठेवला. कातडी बर्फाला चिकटली. ओढून काढली तेव्हा तिचा तुकडा माझ्यावरच राहिला. त्याने पहार माझ्या दोन्ही कानांतून आरपार घातली.

"त्या बाजूनं धरा, बाई. मी पुडं व्हतो. लई हलवू नका."

ज्या लोखंडाने मला मारलं त्याच लोखंडाला लटकून मी जिना उतरलो. रस्त्यावर गाड्या धावत होत्या. "थांबा रं! माझं लेकरू हाय यात!" असं ओरडत सांडू सरळ त्यांच्यात घुसला. त्याचीच माणसं दोन्ही बाजूंनी हात पसरून गाड्या अडवत होती. मी इस्पितळात पोचलो तेव्हा माझ्या तळाशी जेमतेम वाटीभर नायट्रोजन उरला होता. त्यात सहाही कुप्या उभ्या होत्या. तासाभरात त्या वितळवून मोनिकाच्या शिरेतून आत सोडल्या. मी दाराबाहेर पडून होतो. माझ्याजवळ भिंतीला टेकून सांडू बसला होता. पोलीस आले तेव्हा तो स्वतःच उठला.

खटला दाखल झालाय, तो अजून चालू आहे. फारूखभाईंचा हात आजही सरळ होत नाही आणि त्यांनी सांडूला माफ केलेलं नाही. का करावं? तनुजाबाईंनी दौलताबादला जाऊन साऱ्या गावासमोर आपली चूक सांगितली. कपाळावरची खूण त्या झाकत नाहीत.

मोनिका तापाने फणफणली, बेशुद्ध पडली, आतली लढाई तिला पार मोडून गेली. पण महिन्याने तपासलं तेव्हा तिच्या रक्तात कर्करोगाची एकही पेशी दिसली नाही. पुढचं कोण सांगणार? आज ती सोयगावात आहे आणि भावाशी भांडते, एवढं मला ठाऊक आहे.

थोडी सावरल्यावर ती तनुजाबाईंबरोबर दौलताबादला आली. सांडू जामिनावर सुटून घरी होता. सरूबाईने मोनिकाला आत बोलावलं नाही. उंबऱ्यातच तिचं मनगट धरून ती किती तरी वेळ उभी राहिली.

"अजून हाय का हिच्यात?" तिने विचारलं.

तनुजाबाईंना खोटं बोलता आलं असतं. "नाही," त्या म्हणाल्या. "त्या पेशी काही आठवडेच जगतात. मारतात आणि मरतात."

सरूबाईने मनगट सोडलं नाही. "मंग माझं लेकरू लढून गेलं म्हना," ती म्हणाली. आणि मग ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

मी फुटका, पुन्हा भंगारातच जायचा. पण सांडूने मला मागून घेतलं. फारूखभाई त्याच्याशी बोलले नाहीत. मला धुऊन, पुसून, मुकाट्याने त्याच्या टेम्पोत ठेवलं. सांडूने उंबऱ्यापुढची फरशी काढली. खड्डा मडक्याच्या मापाचा होता, मी त्यात मावेना. त्याने पहार घेतली आणि खणून खणून तो माझ्याएवढा केला. सरूबाईने माझ्या झाकणावर, तनुजाबाईंचं रक्त गोठलं होतं तिथंच, हळदकुंकू वाहिलं. मग वरून माती पडली.

मित्रांनो, मी आता इथेच असतो. पोटात थंडी नाही, आहे ती मातीची ऊब. माझ्या डोक्यावरून रोज सरूबाईची पावलं जातात. मी कधी कुणापुढे हात जोडले नाहीत, मला हात नाहीत, कान आहेत. तरी आज विनवतो. कुणाच्या घरातून काही घेतलंत, अगदी जगाच्या भल्यासाठी घेतलंत, तरी जे परत द्यायचं कबूल केलंय ते त्यांच्या हातात नेऊन द्या. खिडकीत ठेवून जाऊ नका. आणि हातून राहिलंच, तर माणूस पहिल्यांदा दारात येतो तेव्हाच त्याला खरं सांगा. त्या वेळी त्याचे हात रिकामे असतात.