पाहुण्याचं पाणी आधी

या, असे जवळ सरकून बसा. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या किलरोन यॉट क्लबातली एक गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा अंगाला ऊब आलेली असेल.

क्लब इतका जुना की धक्क्याच्या पायऱ्यांना मधोमध खळगे पडलेले. भिंतीवर दूरदूरच्या दर्यावर्दींनी भेट दिलेली निशाणं. पाहुण्यांच्या होड्या बांधायला राखलेला पिवळा तरंगता बोया, कपडे वाळवायला शेगडीची खोली, मटणाचा गरम रस्सा आणि तांब्याचा एक थोरला बंब. बंब एकच, एका वेळी एका अंघोळीपुरता. आणि नेमही एकच: पाहुण्याचं पाणी आधी. क्लबात राबणाऱ्या ब्रीडाच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तो बंब आणि तो नेम सांभाळला होता.

त्या ऑगस्टात शर्यतीच्या दिवशी वारा असा पिसाळला की सगळे नखशिखांत भिजून परतले. ब्रीडाचा मुलगा फिंटन क्लबाच्या होडीच्या सुकाणूवर होता. कधी बंदर न सोडलेला चषक होडीभर अंतरानं हुकला. तो जिंकला वेल्सहून आलेल्या इद्रिस प्रायसनं. ढेरी सुटलेला, हसरा गृहस्थ.

बंबाच्या खोलीबाहेरच्या बोळात क्लबातले गडी निथळत उभे. फिंटनचे ओठ निळे पडलेले.

“आई, अर्धं मला दे. चषक तर नेलाच ना त्यानं.”

“चषक त्यानं जिंकला. पाणी तर न जिंकताही त्याचंच होतं.”

क्लबाचे अध्यक्ष पर्डनसाहेब हळूच म्हणाले, “ब्रीडाबाई, बंब आज जरा बिघडलाय, असं म्हटलं तर?”

“म्हणा ना, साहेब. फक्त आधी भिंतीवरची ती सगळी निशाणं उतरवा.”

साहेबांनी मिशीचं पाणी निपटलं.

पोटचं पोर समोर कुडकुडत होतं. तरी तिनं टब काठोकाठ भरला, शेकलेला टॉवेल ठेवला आणि इद्रिसला म्हणाली, “सावकाश होऊ द्या.”

त्यानं ते मनावर घेतलं. पाण्यात बसला आणि खर्जात आपल्या प्रार्थनामंदिरातलं भजन धरलं. एक कडवं झालं, दुसरं झालं.

“किती कडवी असतात रे यांच्या भजनाला?” रांगेतल्या डोनल न्हाव्यानं विचारलं.

“पाणी निवेपर्यंत,” कोणी म्हणालं.

“पण हे आपल्या देवळातलं नव्हे,” तिसरा पुटपुटला.

“देव एकच आहे, बंबासारखा,” ब्रीडा म्हणाली. “थंडी वाजत असेल तर सूर धरा.”

डोनलनं गंमत म्हणून सूर धरला. त्याच्यामागून पर्डनसाहेबांनी, मग सगळ्यांनी. आत इद्रिस क्षणभर थांबला आणि एक पट्टी वर चढला. बोळ घुमू लागला. हरलेली माणसं गात होती. एकटा फिंटन तोंड मिटून भिंतीला टेकलेला.

इद्रिस उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन बाहेर आला. समोर रांग पाहून वरमला.

“तुम्ही माझ्यासाठी थांबलात? मी तर थेंबही ठेवला नाही.”

“ठेवायचा नसतोच,” ब्रीडा म्हणाली.

त्यानं पटकन कोळशाच्या फावड्याकडे हात नेला. ब्रीडा काही बोलणार, तोच फिंटन पुढे झाला आणि त्यानं फावडं ओढून घेतलं.

“पाहुणे, आमच्याकडे पाहुण्यानं याला हात लावायचा नाही. तुम्ही पुढचं कडवं घ्या, कोळसा मी घालतो.” मग मान न वळवता म्हणाला, “आई, त्यांना रस्सा वाढ. तळाचा, दाट.”

ब्रीडानं एप्रनच्या टोकानं तोंड पुसलं. वाफ फार झाली होती, असं ती पुढे सांगे. पण रस्सा घेऊन ती बोळातून चालली तेव्हा ताठ चालली. चषक उद्या समुद्रापार जाणार होता. नेमाला मात्र वारस मिळाला होता.

हा नेम घातला तिच्या पणजीनं, ओनोरानं. ओनोराचा नवरा भिजून परक्या बंदराला लागला, दारं बंद मिळाली आणि तापानं गेला. तिनं त्या बंदराला शाप दिला नाही. इथं बंब मांडला. उद्या ऊन पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घ्याल, तेव्हा बाबांनो, त्या ओनोराची आठवण करा.