राजूरचा नारळ

बिभीषणला घराबाहेर काढायचं तर देवाचं नाव घ्यावं लागायचं. तो चार वर्षांचा असताना त्याचे वडील, राधाकिसनकाका, गोदावरीत बुडाले. तेव्हापासून त्याच्या आईने, गोपिकामावशीने, त्याला पाण्याजवळ फिरकू दिलं नाही. पोहायला शिकवणं तर सोडाच, घनसावंगीला मामाकडे गेला तरी नदीवर जायची बंदी. पोराला पाण्यापासून राख, दर श्रावणात नारळ फोडीन, असा नवस तिने राजूरच्या गणपतीला बोलला होता. गुडघे गेल्यावर तिने तो नारळ आमच्या हाती द्यायला सुरुवात केली.

आम्ही म्हणजे बिभीषण, राजानंद आणि मी, अंबडच्या शाळेत एका बाकावर बसलेले. श्रावणातल्या एखाद्या रविवारी राजानंदची गाडी काढायची, घरी राजूर सांगायचं आणि राजूर मागे टाकून अजिंठ्याच्या डोंगरात जायचं. कधी लेणी, कधी पडका किल्ला, शेवटी धबधबा ठरलेला. राजानंदला खोटं बोलावं लागत नसे. लेणी बघायला चाललो म्हटलं की त्याची आई मालनबाई खूश होऊन डबा भरून द्यायची. नारळ आम्ही धबधब्याच्या खडकावर फोडायचो. अर्धं खोबरं भाकरीबरोबर, अर्धं प्रसाद म्हणून मावशीला. ही अक्कल माझी. सहा वर्षं ती ते खोबरं कपाळाला लावून खात आली आणि आम्ही समोर उभं राहून हसू दाबत आलो.

या वर्षी राजूरला राजानंदने गाडी थांबवली. तो बौद्ध, त्याचं देवळात काही काम नव्हतं. पण तो म्हणाला, मावशीला शब्द दिलाय, तर दोघं वर जाऊन या, मी थांबतो. बिभीषणने माझ्याकडे बघितलं. मी रांगेकडे बघितलं आणि म्हणालो, चल, उशीर होईल.

लेणी बघून दुपारी धबधब्यावर पोचलो. नारळ पिशवीतच होता. आधी फोटो काढ, असं म्हणत बिभीषण कडेच्या खडकावर उभा राहिला. मीच त्याला म्हणालो, थोडा मागे सरक, सगळी धार येऊ दे. शेवाळावरून त्याचा पाय सटकला. त्याला पोहता येत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. राजानंदने लगेच उडी घेतली, पण तो रिकाम्या हाताने वर आला. बिभीषण सापडला तेव्हा दिवस मावळत होता.

आम्ही कुठे गेलो होतो ते पेपरातून गावाला कळलंच. चौदाव्या दिवशी गाडीत राहिलेली पिशवी द्यायला मी मावशीकडे गेलो. चार शिव्या बसतील, बसाव्यातच, असं मला वाटत होतं. तिने पिशवीतून नारळ काढला आणि हातात फिरवून बघितला.

"या साली फोडायचा राह्यला," ती म्हणाली. "म्हणून झालं हे."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"मागचे सहा बराबर फोडल्ते ना, कल्याण? देवापुढं?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. दया आली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून.

"बराबर फोडले, मावशी."

"मंग सहा साल त्यानंच राखलं लेकराला," म्हणत ती हमसून रडली. मग पदराने तो नारळ पुसून तिने माझ्या ओंजळीत ठेवला.

"हा तू फोडून ये. तुझ्या नावानं. तुलाबी माय हाय."

दुसऱ्या दिवशी एसटीने एकटाच राजूरला गेलो. तासभर रांगेत उभा राहिलो. वर गेल्यावर नारळ धरून इकडेतिकडे बघत बसलो. शेवटी हारफुलं विकणाऱ्या एका बाईला विचारलं, नारळ कुठे फोडतात.

"पयल्यांदाच आले का?" ती म्हणाली.

मी हो म्हणालो.