खालचा पाना

माघातलं ऊन करडईच्या फुलांवर उतरलं होतं. केशरी, काटेरी, कोवळं. मांजरेकाठची काळी रानं त्या केशरात न्हाऊन निघाली होती. फाट्यावरच्या पत्र्याच्या गॅरेजवर मात्र बाभळीची सावली होती. विरविरीत, थरथरती, उसवलेल्या जाळ्यासारखी.

त्या सावलीत दिगंबरची जीप बॉनेट उघडं टाकून उभी होती. बहिणीला, अनुसयेला, कायमची माहेरी न्यायला तो आला होता. वाटेत एग्झॉस्टचे दोन स्टड तुटले, धूर वाहून नेणारा मॅनिफोल्ड हेडपासून सुटला आणि इंजिनाचा जळका श्वास फटीतून फटफटत बाहेर पडू लागला.

"दाजी, गावोगावची कुत्री लागली मागं," तो ओशाळं हसत म्हणाला. ज्याच्या दारातून बायको न्यायची, त्याच्याच, व्यंकटच्याच, हातून गाडी नीट करून घ्यायची होती.

आज होत नाही, असं व्यंकटच्या ओठांवर आलं. तेवढं म्हटलं असतं तर अनुसया आणखी एक रात्र या घरात राहिली असती. पण इंजिनापुढं खोटं बोलायची त्याच्या हातांना सवय नव्हती. त्यानं पाने उचलले.

गेल्या श्रावणात त्यांची लेक तापानं फणफणली होती. अनुसयेनं गॅरेजलगतच्या घराच्या दारातून हाक मारली, तेव्हा तो असाच एका इंजिनावर वाकलेला होता. एवढं आवळून येतो, म्हणाला. तो घरात गेला तेव्हा ताप उतरला होता; तापाबरोबर श्वासही. त्यानंतर अनुसयेनं त्याला एका शब्दानंही बोल लावला नाही. ती नुसती विझत गेली. निखाऱ्यावर राख चढत जावी तशी, थरावर थर.

हेडात अडकलेले स्टडचे तुटके तुकडे निघाले. भोकांतले आटे लख्ख झाले. स्टडला डोकं नसतं, पाना धरायला जागा नसते. म्हणून त्यावर दोन नट चढवायचे आणि एकमेकांवर आवळायचे. खालचा पाना एकानं रोखायचा, वरचा दुसऱ्यानं फिरवायचा. या गॅरेजात खालचा पाना कायम अनुसयेचा.

आज तो दिगंबरनं धरला. निसटला, बोटं सोलली. उंबऱ्यावर बॅग घेऊन बसलेली अनुसया उठली आणि तिनं भावाच्या हातून पाना घेतला.

दोघांचे हात समोरासमोर आले. उलट्या दिशांना ओढणारे, त्या ओढीनंच घट्ट होणारे. दोन नट एकजीव झाले. स्टड हेडात उतरत गेला. सावकाश, सरळ, शांत. मग पुन्हा तीच उलटी ओढ, लोखंडाची एक बारीक किंकाळी, आणि नट विलग. दुसऱ्या स्टडलाही तसंच.

गॅसकेट बसलं, मॅनिफोल्ड बसला. आधी मधले नट, मग कडेचे; एक फेरी हलकी, एक जरा जोराची, एक पुरती. आणि तरी तो थांबेना. पुरत्या आवळलेल्या नटांवरून त्याचा पाना पुन्हा फिरू लागला, पुन्हा मधून, पुन्हा कडेला.

"बास," अनुसया म्हणाली. "आटे जातील."

त्याचा हात थांबला.

इंजिन सुरू झालं. संथ, सलग, समजूतदार. ते तापेपर्यंत तिघंही ऐकत उभे राहिले. मग प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा तसं त्यानं सांगितलं. पाहिलं मात्र तिच्याकडं.

"आठ दिवसांनी आणावी लागती इकडं. तापून नट सैल पडत्यात. पुन्हा आवळावं लागतंय."

अनुसया रस्त्याकडं बघत होती.

"मी आवळीन की तिथंच," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

ती पाना खुंटीला अडकवायला वळली, तेव्हा तो हलकेच म्हणाला, "राहू दे. लागंल तुला." तिनं तो पदरानं पुसला, लुगड्यांच्या घडीत ठेवला आणि बॅगेची चेन ओढली.

जीप गेली. धूळ उठली, केशरात मिसळली, विरली.

व्यंकट गुडघ्यांवर बसला. सायलेन्सरच्या तोंडाखाली होती ती माती अजून ऊन होती. त्यानं तिच्यावर तळहात टेकला, कपाळावर टेकावा तसा. माती ऊन होती, मग कोमट, मग नुसती माती.