दोन, थांबून एक

“वाजलं तर वाजू द्या. उत्तर मात्र देऊ नका,” आधीची भाडेकरीण किल्ली तिच्या हातात ठेवताना म्हणाली होती, “एकदा दिलंत की रोज द्यावं लागतं.” आणि तिनं हसून “बरं हं” म्हटलं होतं, कारण तेव्हा पोटात सातवा महिना होता आणि डोक्यात पाळणा कुठल्या भिंतीला लावायचा एवढंच...

आता दीड वर्षानं ती ओट्यालगतच्या लोखंडी पाइपसमोर फरशीवर मांडी घालून बसली होती. हातात तारेची घासणी. पाइपवरच्या पांढऱ्या रंगाचा नाण्याएवढा टवका उडालेला. चमच्यानं उडालेला, तिच्याच चमच्यानं, रोज दुपारी तीनच्या सुमाराला. घर सोडताना आपला डाग मागे राहू नये म्हणून तिनं टवक्याच्या कडा घासून सारख्या करायला घेतल्या, आणि पांढऱ्याखालून हिरवा रंग निघाला. हिरव्यालाही टवका होता, तिथंच. हिरव्याखाली निळा. त्यालाही. रंगावर रंग चढवत गेलेले, आणि प्रत्येक रंगाला त्याच जागी उडालेली तीच जखम — ती घासतच राहिली, घासायला नको होतं हे कळत असूनही.

त्याच जागी का? पाइप तर छतापासून फरशीपर्यंत आहे. तिनं डावा हात छातीशी वाकवला, त्यात आपली लेक ठकी आहे असं समजून, आणि उजवा हात पुढे केला. घासणी बरोबर टवक्यावर टेकली. म्हणजे त्या सगळ्याच... डाव्या हातात मूल घेऊन, अशाच, इथंच.

नवरा सुरुवातीला म्हणायचा, “पाण्याचा दाब असतो गं. पाइप आहे तो, तुझी मावशी नाही.” तेव्हापासून ती मावशीच झाली. संध्याकाळी बूट काढता काढता विचारायचा, “काय म्हणते तुझी मावशी?” आणि ती म्हणायची, “बरी आहे.” खालच्या मजल्यावर जाऊनही बघितलं होतं तिनं, ठकीला कडेवर घेऊन. दाराला कुलूप. रखवालदार म्हणाला, “कुठल्याशा कचेरीची जुनी कपाटं आहेत हो ताई आत. कपाटं काय वाजवणार? वाजवलं तर मलाही सांगा, मीही दुपारी एकटाच असतो.” ती हसली होती. वर गच्ची. पाइपची एक फांदी भिंतीतून पलीकडे स्वतःच्याच बाथरूममध्ये जात होती, बस.

मावशी वाजायची ती दोन, थांबून एक. तीही तसंच. एवढंच बोलणं. पण ठकीचा तिसरा महिना त्या बोलण्यावर निघाला, हे तिनं कुणालाही सांगितलेलं नाही.

दार वाजलं. नवी भाडेकरीण पडद्यांची मापं घ्यायला आली होती. सातवा महिना असावा. एकटीच.

“ताई, तुम्ही तर घर नवं केलंत! आमच्याकडे एवढं कुणी घासत नाही, माझी सासू सोडून. ती तर माणसंही घासते.”

“बसा ना. पाय सुजलेत तुमचे.”

“खाली बसले तर उठवायला क्रेन मागवावी लागेल.” तरीही ती बसली, ओट्यापाशी, फरशीवर, पाइपसमोरच. “हे काय झालंय हो?”

“चमचा लागला.”

आता सांगायला हवं होतं. किल्ली अजून माझ्याच हातात होती, वाक्यही तोंडपाठ होतं... पण ‘उत्तर देऊ नका’ हे मी कुठल्या तोंडानं सांगू? तिनं विषय बदलला. बाथरूम राहिलंय, म्हणाली, आणि ब्रश घेऊन आत गेली.

बादलीनं फरशीवर गोल काढलेला होता, पांढुरका. कितीही घासला तरी न जाणारा. या गोलावरच बादली होती, ठकीच्या तिसऱ्या महिन्यातल्या त्या दुपारी. नळ चालू होता. ठकी सकाळपासून रडत होती आणि मी तिला दोन्ही हातांवर आडवी धरून भरत येणाऱ्या पाण्याकडे बघत होते, नुसती बघत होते, पाणी किती शांत आहे असं काहीतरी मनात — बादली वाहू लागली तरी मी बघतच. आणि तेव्हा वाजलं. दोन, थांबून एक. मी नळ बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन उत्तर दिलं. पहिल्यांदा.

टक् टक्.

ब्रश थांबला.

टक्.

भिंतीतून, कानाजवळून. तिचा हात तिला न विचारता उचलला गेला, आणि ब्रशचा दांडा पाइपवर आपटला. दोन. थांबून एक.

“अहो ताई!” स्वयंपाकघरातून हसू आलं. “खाली कुणीतरी आहे! मी आपलं गंमत म्हणून चमचा वाजवला, तर उत्तर आलं! कोण राहतं हो?”

तिनं तोंड उघडलं.

“मावशी आहेत,” ती म्हणाली. “चांगल्या आहेत.”

“बरं झालं बाई. दिवसभर मी एकटीच असणार.”

तिनं दोन, थांबून एक असंच का वाजवलं, ते मी विचारलं नाही. तोवर दुसराच प्रश्न पडला होता. आज उत्तर बाथरूममधून गेलं. मग माझ्या त्या सगळ्या दुपारी, मी तिकडे ओट्यापाशी बसलेली, ठकी डाव्या हातात, दाराला कडी... इथे, या गोलापाशी, कोण उभं होतं?

मी किल्ली तिच्या हातात दिली. इशारा दिला नाही. नवं गाव सहा तासांवर आहे, तिथले पाइप प्लॅस्टिकचे आहेत, वाजत नाहीत. रोज तीन वाजता माझा हात मात्र काहीतरी शोधत उचलला जातो.

म्हणून तुम्हाला सांगते. तिसरा मजला, जिन्याला लागून डावं दार. अजून चारेक महिन्यांनी जा, दुपारी, तीनच्या आधी. पाइप वाजवू नका, दार वाजवा. ती म्हणेल, सगळं ठीक आहे. मीही म्हणायचे. तरी आत जा. बाळ जरा तुमच्याकडे घ्या, आणि बाथरूमचा नळ बंद आहे ना, तेवढं बघून या.