वहिनींना गाडी लागते

प्रवासाने माणसाचं मन मोठं होतं, हे वाक्य कप्तानाने डिकीत डोकं घालून उच्चारलं. डिकी बंद होत नव्हती. मन मोठं करायला लागणारं सामान, म्हणजे घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, फोटोचा तिपाई स्टँड आणि संत्र्यांची पिशवी, आत आधीच कोंबलेलं होतं. बाहेर उरली होती ती एक गवती टोपी.

"ही कुणाची?"

"माझी," वहिनी म्हणाल्या. "असू दे. मी मांडीवर घेते."

"मांडीवर नको. मांडीवर तुम्हाला पिशवी लागेल."

कसली पिशवी, ते कुणी विचारलं नाही. कप्तानीणबाईंनी समजूतदारपणे मान डोलावली, नणंदेने पर्समधून प्लास्टिकच्या पिशव्यांची गुंडाळी काढली, आणि वहिनींच्या नवऱ्याने टोपी घेऊन मागच्या काचेपाशी ठेवून दिली. ती टोपी खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाईंची. कपाटात पडून पडून वाळली, हिला एकदा ऊन लागू द्या, असं म्हणून त्यांनी दिली होती.

कप्तान हा काही कप्तान नव्हे. त्याचं टायरचं दुकान होतं. पण वर्षातून एकदा तो मित्राला, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याला, मित्राच्या बहिणीला आणि स्वतःच्या बायकोला गाडीत घालून डोंगरातल्या तलावावर नेत असे, आणि त्या दिवसापुरता हुद्दा त्याच्याकडे येई. साधासुधा प्रवास त्याला मान्य नव्हता. आपल्या माणसांबरोबर घराबाहेर पडणं हेच साहस, असं तो म्हणे. हे साहस पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला घरी पोचत असे. दरवर्षी तोच तलाव असे, कारण नवी जागा शोधण्यात निम्मं साहस वाया जातं, असा त्याचा अनुभव होता.

वहिनी आजवर एकदाही गेल्या नव्हत्या. त्यांना गाडी लागते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ते असं ठरलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. त्याच वर्षी पहिल्यावहिल्या सहलीचा विषय निघाला तेव्हा बैठकीच्या खोलीत सगळे एकमेकांकडे बघत बसले. कुणालातरी थांबावं लागेल, असं कप्तान म्हणाला. तो 'कुणालातरी' बराच वेळ खोलीत फिरला, पण कुणाजवळ बसेना. पलीकडच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथून सासूबाईंच्या बांगड्यांचा मघापर्यंत येणारा आवाज थांबला होता. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जा हो. मला तशीही गाडी लागते."

कुणीतरी पंखा लावावा तसं झालं. सगळे एकदम मोकळे बोलू लागले.

ते खोटं होतं हे घरात एकाच व्यक्तीला कळलं. त्या संध्याकाळी कूस बदलून देताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुला कुठे गं गाडी लागते?" ती व्यक्ती गेल्या हिवाळ्यात वारली.

तलाव वहिनींनी पाहिला होता, नाही असं नाही. दरवर्षी रात्री तो मोबाइलवर घरी येई, कुणाच्या ना कुणाच्या खांद्यामागून. एका वर्षी डावी कड दिसे, एका वर्षी उजवी. मधला भाग कायम कप्तानाने अडवलेला. फोटो दाखवून झाले की नवरा हमखास म्हणायचा, "फोटोत नाही येत गं तो." वहिनींचं मागणं मोठं नव्हतं. मध्ये कुणी उभं नसताना त्यांना तो एकदा बघायचा होता.

"पुढे बसा, वहिनी," कप्तान म्हणाला. "गाडी लागणाऱ्याने पुढेच बसावं. आणि नशीब बघा, सगळ्यात छान तिथूनच दिसतं."

वहिनी पुढे बसल्या. नणंद मागून वाकली आणि तिने तळहातावर एक पिवळी गोळी पुढे केली. नणंद औषधांच्या दुकानात कामाला होती. घरात कुणाला शिंक आली तरी तिची पर्स उघडत असे.

"ताई, खरं सांगू का? मला गाडी लागत नाही."

"निघताना असंच वाटतं हो."

"नाही, कधीच लागली नाही. तेव्हा आपलं म्हटलं होतं."

"वहिनी," ताईंनी आवाज खाली आणला, "मामेभावाच्या लग्नाला जाताना बसमध्ये काय झालं होतं, ते सांगू का सगळ्यांसमोर?"

बसमध्ये जे झालं होतं ते ताईंना झालं होतं. वहिनींनी त्यांचं कपाळ धरलं होतं.

"आठवतंय ना," नवरा मागून प्रेमाने म्हणाला. "माझे बूट गेले होते."

बूट गेले होते, एवढं खरं होतं. वहिनींनी आरशात त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखरच तसं आठवत होतं, आणि त्याने ते केव्हाच माफही करून टाकलं होतं.

"अहो, तुम्ही दोघं मागच्या सीटवर होतात. ताईंना—"

"घेऊन टाका, वहिनी," कप्तानाने किल्ली फिरवली. "घाटात काही झालं तर कुणालातरी तुमच्यापाशी थांबावं लागेल. त्याची मजा का घालवायची?"

वहिनींनी गोळी घेतली.

सुरुवातीला सगळं दिसत होतं. गावाबाहेरचा पूल दिसला, ओळीने लावलेली झाडं दिसली, एका कुंपणावर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी दिसल्या. मागे कप्तानीणबाई प्रवासाने नाती कशी घट्ट होतात ते सांगत होत्या आणि ताई फोनवर आपल्या सासरी ठेवलेल्या बाईला सांगत होत्या, की सासऱ्यांना दूध कोमट करूनच द्या, गार दिलं तर ते तोंडातच धरून बसतात. वहिनींनी काच थोडी खाली घेतली. वारा लागला. मग कधीतरी चादरी, झाडं आणि दूध यांची सरमिसळ झाली.

चहाला थांबले तेव्हा त्यांना हलवून उठवलं गेलं.

"आलो का?"

"नाही हो, आता घाट आहे. ही अजून एक घ्या."

"मला झोप येतेय फार."

"येऊ दे की. झोपेत लागत नाही," ताई म्हणाल्या. चहाच्या घोटाबरोबर दुसरी गोळीही गेली.

पुन्हा जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती आणि आत कुणी नव्हतं. काचा दोन-दोन बोटं खाली होत्या. वहिनींच्या मानेखाली नवऱ्याचा कोट घडी करून ठेवलेला होता. समोर एक पिवळी भिंत होती, त्या भिंतीवर उंच, बारीक जाळीच्या खिडक्या आणि एका बाजूला पुरुष, एका बाजूला स्त्रिया अशा पाट्या. भिंतीपलीकडून माणसांचे आवाज येत होते. मोकळ्या, रुंद जागेत ओरडल्यावर येतात तसे.

त्यांनी केस सारखे केले, दोन सीटमधून मागे झुकून टोपी घेतली आणि दार उघडलं.

गाडी केकाटायला लागली. कप्तानाने बाहेरून कुलूप लावताना चोरघंटा चालू ठेवली होती. पुढचे दोन्ही दिवे उघडझाप करत होते. वहिनींनी दार लावून घेतलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. घंटेला त्याने फरक पडला नाही. पार्किंगचा रखवालदार शिट्टी वाजवतच आला.

"गाडी कुणाची?"

"आमचीच आहे."

"किल्ली?"

"किल्ली कप्तानाकडे आहे."

रखवालदाराने त्यांच्याकडे, मग टोपीकडे पाहिलं. "कुठल्या कप्तानाकडे?"

"टायरवाल्या," वहिनी म्हणाल्या. जीभ अजून जड होती, त्यामुळे ते फारसं बरं ऐकू आलं नाही. "अहो, तलाव किती लांब आहे?"

"हा काय, भिंतीपलीकडे. पण तुम्ही इथून हलू नका, बाई. गाडीवाल्याला येऊ दे. कालच एकाची बॅग गेलीय."

"मी बॅग नाही घेतली. बघून लगेच येते."

"सगळे तेच म्हणतात."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना स्वतःची खुर्ची दिली. पण ती भिंतीकडे तोंड करून होती.

थोड्या वेळाने चौघं धावत आले. कप्तानाची पँट पोटरीपर्यंत दुमडलेली होती, ताईंचे गाल वाऱ्याने लाल झाले होते. घंटा बंद झाली तेव्हा कप्तान काही बोलला नाही. मन मोठं झालेला माणूस जेवढं बोलत नाही, तेवढंच.

"बोटीत पाय ठेवतच होतो," कप्तानीणबाई म्हणाल्या. "पण जाऊ दे. तुमची झोप छान झाली ना?"

"मला उठवलं का नाही?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं.

"इतकी शांत झोपली होतीस. किती वर्षांनी अशी झोपलीस, म्हटलं झोपू दे." त्याचे डोळे किंचित ओलावले होते. ते खरंच होतं, आणि म्हणूनच त्याला काही म्हणता येत नव्हतं.

"मी दोन मिनिटं बघून येते."

कप्तानाने आकाशाकडे पाहिलं, मग टायरांकडे. "अंधाराच्या आत घाट उतरायला हवा, वहिनी. तलाव काय कुठे पळून जातोय?"

वहिनी भिंतीकडे चार पावलं गेल्याही. मग मागून इंजिन सुरू झालं. दार उघडं धरून नवरा उभा होता, एका हातात त्यांच्यासाठी सोललेलं संत्रं घेऊन.

उतारावर ताईंनी मागून मोबाइल पुढे केला. "हे बघा ना, यंदा पाणी किती आहे." वहिनींनी पाहिलं. कप्तान, मागे पाणी. कप्तानीणबाई, मागे पाणी. नवरा आणि ताई गळ्यात गळा घालून, मागे पाणी. एका फोटोत नवरा एकटाच होता, शेजारी एका माणसाची जागा सोडून उभा. वहिनी तो बोटांनी मोठा करून जागा बघत राहिल्या. वळणामागून वळण येत होतं, पोटात चहा, दोन गोळ्या आणि संत्रं सोडून काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाला खारट पाणी सुटलं.

"पिशवी," त्या म्हणाल्या.

गाडीत आनंदीआनंद झाला, असं म्हणणं बरं दिसणार नाही. पण चौघांचे चेहरे उजळले हे खरं. ताईंनी त्यांचं कपाळ धरलं, अगदी बरोबर जागी. नवऱ्याने आपले बूट मागे घेतले.

"मी सांगत नव्हते?" ताई म्हणाल्या. "आणि म्हणे मला लागत नाही."

"स्वभावच तसा," नवरा म्हणाला. "दुसऱ्याला त्रास नको म्हणून लपवते."

वहिनी पिशवीत तोंड घालून होत्या. घाट संपत आला तेव्हा ताई म्हणाल्या, "ती बाई पुढच्या वर्षी येणार नाही म्हणतेय. सासऱ्यांची आंघोळ तिला होत नाही. एवढा एक दिवस कुणालातरी..."

गाडीत शांतता पसरली. वहिनींनी ती लगेच ओळखली. तेरा वर्षांत ती जराही म्हातारी झालेली नव्हती. या वेळी आपण बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि तेवढ्यात पुढचं वळण आलं. त्यांची मान पिशवीत दोनदा खाली गेली.

तो होकार धरण्यात आला.

"खरंच, वहिनी, तुमच्यासारखं माणूस नाही," कप्तान म्हणाला आणि त्याने गाणी लावली.

दुसऱ्या दिवशी वहिनी टोपी परत करायला खाली गेल्या. बाई तोंडात टाचण्या धरून एक बाही जोडत होत्या.

"कसा होता तलाव?"

वहिनींनी टोपी मशीनवर ठेवली. तिची कड जरा वाकली होती, ती बोटाने सरळ केली.

"फोटोत नाही येत तो," त्या म्हणाल्या.

"हो ना? सगळे तेच सांगतात." बाईंनी टोपी फिरवून बघितली. "घातलीच नाहीत वाटतं."

"वारा फार होता."

पार्किंगमधून तलाव दिसत नाही. मध्ये शौचालय आहे.