सलूनच्या खुर्चीची मालकी

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, निवडणुकीतली नव्हे. माझ्यासाठी कुणी भाषणं ठोकत नाही, कुणी पक्ष बदलत नाही. माझ्यावर जो बसतो त्याला गळ्याभोवती फडकं बांधून घ्यावं लागतं आणि ‘मान खाली’ म्हटलं की ती निमूट खाली घालावी लागते. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे, आणि त्याचा मला पुरेपूर गर्व आहे.

माझा जन्म लोखंड ओतायच्या कारखान्यातला. पाया भरभक्कम, पाठ तपकिरी रेक्झिनची, डोकं टेकायला गोल उशी. पायाशी एक दांडा आहे. तो दाबत राहिलं की मी वर चढते आणि कळ सोडली की लांब सुस्कारा टाकून खाली येते. तो सुस्कारा ऐकून लहान मुलं खिदळतात. मोठी माणसं मात्र इकडंतिकडं बघतात, कुणाला तो आपलाच वाटला की काय म्हणून.

मला विकत आणलं वस्तादांनी. दुकानदार, गिऱ्हाईक, सगळे त्यांना वस्तादच म्हणतात. दुकान नव्यानं थाटलेलं, अरुंद, रस्त्याच्या कोपऱ्यावरचं. एका भिंतीला लांबलचक आरसा, समोर वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं, आणि माझ्या शेजारी एक साधी लाकडी खुर्ची. सुरुवातीला मी फरशीवर मोकळी उभी होते. मग एकदा शेजारचा खाटीक दाढीसाठी असा काही रेलला, की मी त्याच्यासकट मागं कलंडले. त्याला लागलं नाही, पण वस्तादांची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी फरशी फोडून सिमेंटमध्ये बोल्ट बसवले आणि मला जमिनीला जखडून टाकलं.

‘आता भूकंप झाला तरी हलायची नाही,’ असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं.

दुकानाची जागा अप्पांची. अप्पा वरच्या मजल्यावर एकटे राहायचे, मूलबाळ नाही. रोज सकाळी जिना उतरून यायचे, माझ्यावर बसायचे, डोळे मिटायचे. जागा देताना त्यांनी सांगितलं होतं, ‘तुझा हात चालतोय तोवर दुकान तुझं.’ बस्स. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. भाडं हातात द्यायचं आणि गप्पा मारायच्या.

वस्तादांची मुलगी कॉलेजात जायला लागली तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, “बाबा, भाडेकरार कुठाय आपला?”

वस्ताद वस्तरा पट्ट्यावर घासत हसले. “बाळ, जो माणूस रोज सकाळी डोळे मिटून आपला गळा माझ्या वस्तऱ्यापुढे धरतो, त्याच्याकडं मी कागद मागू? लाज वाटेल मला.”

बाकड्यावरची मंडळी वाहवा करून मोकळी झाली. वाक्य होतंच तसं झोकदार. वडीलधाऱ्यांचं एक बरं असतं, वाक्य झोकदार असलं की ते खरंही आहे असं समजून चालतात. पोरगी मात्र म्हणाली, “गळा त्यांचा आहे बाबा. दुकान आपलं जाईल.” त्यावर सगळे हसले आणि तिला नाव पडलं, वकीलबाई.

ती शिकत होती वाणिज्य, वकिली नव्हे. पण हसणाऱ्यांना काय त्याचं! खरं म्हणजे हसणाऱ्यांतला एकही धड सुटलेला नव्हता. तोंडाला फेस लागला की माणसं मोकळी बोलतात, त्यामुळं त्यांची रडगाणी मला तोंडपाठ. शिंप्यानं मेहुण्याबरोबर तोंडी भागीदारी केली. मेहुणा वेगळा झाला तो दुकानाचं नाव स्वतःच्या नावावर नोंदवूनच. मग शिंप्याला स्वतःच्याच डोक्यावरची पाटी उतरवावी लागली. सायकलवाल्यानं कामाला ठेवलेला माणूस घरच्यासारखा होता म्हणे, म्हणून नेमणुकीचा कागद नाही आणि काढतानाची सूचनाही नाही. पुढं दोघं कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांकडं पाठ करून बसायचे. खाटकाचा तर परवाना संपून कैक महिने झाले होते आणि त्याला ते कळलं तपासनीस दारात उभा राहिल्यावर. आणि ही सगळी मंडळी ‘कागदानं नाती तुटतात’ असं एकमेकांना सांगायची! मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते.

वकीलबाई शिकून बाहेर पडली आणि सरळ दुकानात आली. बापाच्या हाताखाली कात्री शिकली, वस्तराही शिकली. वस्ताद तिला पोरांचे केस कापू द्यायचे, मोठ्यांना फेस लावू द्यायचे, आणि वस्तरा मात्र स्वतः उचलायचे. “बाईच्या हातून कोण दाढी करून घेणार?” हे ते माझ्यादेखत म्हणायचे. मी चिडून एकदा मुद्दाम सुस्कारा टाकला, पण कुणाला कळलं नाही.

अशात अप्पांची तब्येत उतरली आणि त्यांचा पुतण्या मुक्कामाला आला. इस्त्रीचे कपडे, गोड जीभ. एका सकाळी तो माझ्यावर येऊन बसला. वस्ताद शेजारच्या लाकडी खुर्चीवर शिंप्याचे केस कापत होते, बाकड्यावर अप्पा पाळीची वाट बघत होते. वकीलबाईनं पुतण्याला फेस लावायला घेतला.

“वस्ताद,” पुतण्या म्हणाला, “हात मोकळा झाला की एक सही द्या हं. काही नाही, घराचे कागद जरा नीट लावतोय.”

“एवढंच ना? आण इकडं.” वस्तादांनी हात पुसले, पेन घेतलं. “कुठं करू?”

बघा आता! आयुष्यभर स्वतःसाठी कागद मागायला ज्याला लाज वाटली, तोच माणूस दुसऱ्यानं पुढं केलेल्या कागदावर न वाचता सही करायला निघाला. चष्मासुद्धा लावला नाही.

वकीलबाईनं ब्रश टाकला आणि कागद ओढून घेतला.

“बये, काय हे!” वस्ताद ओरडले.

“वाचतेय, बाबा. तुम्ही वाचत नाही म्हणून.” आणि तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “‘मी सदर जागेत केवळ मालकाच्या मेहेरबानीनं बसत असून माझा कोणताही हक्क नाही. मागणी होताच मी जागा, तसेच जमिनीला व भिंतीला जोडलेल्या सर्व वस्तू, मालकाच्या ताब्यात देईन.’”

वस्तादांनी पेन खाली ठेवलं. शिंप्यानं अर्धं कापलेलं डोकं वळवलं.

“जमिनीला जोडलेल्या म्हणजे?” वस्तादांनी विचारलं.

पुतण्या फेसातून बोलू लागला. “नुसता भाषेचा भाग आहे हो... फू... कायद्याच्या भाषेत तसं...”

“तुम्ही बोलू नका, फेस तोंडात जाईल,” वकीलबाई म्हणाली. “बाबा, जमिनीला जोडलेली म्हणजे ही खुर्ची. तुम्ही विकत आणलेली, तुम्ही बोल्ट मारलेली. भिंतीला जोडलेला म्हणजे आरसा. उद्या हे आपल्याला कंगवा आणि फडकं देऊन बाहेर काढतील.”

माझ्या अंगात एवढं लोखंड, तरी मला कापरं भरलं. इतकी वर्षं मी वस्तादांची होते. ज्या बोल्टांनी मला सुरक्षित ठेवलं, त्यांच्याच जोरावर हा माणूस माझा मालक व्हायला निघाला होता.

“अगं, अप्पा बसलेत समोर,” वस्ताद कसनुसं म्हणाले. “त्यांनी शब्द दिलाय मला.”

“दिलाय की,” अप्पा बाकड्यावरून म्हणाले. “मी असताना कोण काढतंय तुम्हाला?”

“तुम्ही असताना कुणीच नाही, अप्पा. तुम्ही नसताना?”

शिंप्यानं जीभ चावली. अप्पांचा चेहरा उतरला. “मी मेलोय असं धरूनच बोलतेस की ग.”

“तसं नाही अप्पा. लिहून द्या म्हणतेय. म्हणजे तुमच्यामागंही तुमचाच शब्द चालेल. नाहीतर यांचा चालेल.”

अप्पा काठी टेकत उठले आणि दाढी न करताच जिना चढून गेले. वस्तादांनी पुतण्याची दाढी पुरी केली. पुतण्यानं कागद खिशात घातला आणि जाताना म्हणाला, “मुलीला जास्त शिकवलंत, वस्ताद.”

मग बापलेकीची जुंपली. “देवासारखा माणूस दुखावलास! माफी माग जाऊन.”

“कशाबद्दल मागू? वाचल्याबद्दल?”

“मोठ्यांशी बोलायची ही रीत झाली?”

“मोठ्यांनी न वाचता सही करायची ही रीत झाली? ते दुखावले ते दिसलं तुम्हाला. आपण रस्त्यावर येत होतो ते नाही दिसलं!”

वस्ताद पाठ फिरवून आरसा पुसत बसले. आधीच स्वच्छ असलेला आरसा.

दुसऱ्या सकाळी अप्पा आले नाहीत. त्याच्या पुढच्या सकाळीही नाहीत. मी रिकामी राहिले. अप्पांच्या वेळेला वस्ताद दुसऱ्या कुणालाही माझ्यावर बसू देत नव्हते. वकीलबाईला ती शिक्षाच वाटली असणार, पण ती गप्प बसणारी नव्हती. ती कोर्टातल्या खऱ्या वकीलबाईंना भेटून आली आणि येताना सायकलवाल्याचा पाना घेऊन आली.

“वकीलबाई म्हणाल्या, धंद्यासाठी आणलेली खुर्ची भाडेकरूचीच असते, पण वाद नको असेल तर बोल्ट काढून ठेवा,” असं बापाला सांगून ती माझ्या पायाशी फतकल मारून बसली. बोल्ट गंजलेले. तिनं तेल घातलं, पान्याला लोंबकळली, घामाघूम झाली. वस्ताद आधी नुसते बघत होते. शेवटचा बोल्ट काही केल्या हलेना, तेव्हा ते खाली बसले.

“उलट्या बाजूनं फिरवतेस, शहाणे,” ते पुटपुटले आणि पाना हातात घेतला. दोन दिवसांत बाप तिच्याशी बोलला तो हा पहिल्यांदा.

बोल्ट सुटला. मी किंचित डुगडुगले, मग माझ्याच वजनावर उभी राहिले. खाटीक एवढ्यात बारीक झाला होता, त्यामुळं काळजी नव्हती.

त्याच दुपारी अप्पा खाली उतरले. मागं पुतण्या, तोंड आंबट करून. अप्पा माझ्यावर बसले नाहीत, उभेच राहिले.

“वस्ताद, मी याला काल सरळ विचारलं. म्हटलं, माझ्यामागं खालच्या दुकानाचं काय करशील? लाजलासुद्धा नाही. म्हणाला, मोबाईलचं दुकान टाकीन, भाडं चांगलं येईल.” मग ते वकीलबाईकडं वळले. “तुझी जीभ फार तिखट आहे ग पोरी. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. काय लिहायचं ते लिहून आण.”

“आणलंय,” ती म्हणाली आणि कप्प्यातून मसुदा काढला. अप्पा बघतच राहिले, आणि मग हसू दाबता न आल्यामुळं खोकले.

पुतण्यानं भाडं वाढवून मागितलं. वकीलबाईनं थोडं मान्य केलं, पण दर वर्षी किती वाढेल तेही लिहायला लावलं. मुदत लिहिली. जागा सोडायची झाली तर आधी किती दिवस कळवायचं, गळकं छत कुणी दुरुस्त करायचं, हे लिहिलं. भाडेकरू म्हणून वस्ताद आणि त्यांची मुलगी, दोघांची नावं लिहिली. आणि एका कलमात मी होते! ‘लोखंडी खुर्ची, आरसा व इतर सामान भाडेकरूच्या मालकीचे.’ माझ्यासारख्या कितीजणींना असं कागदावर यायचं भाग्य लाभतं?

नोंदणी कचेरीत जायच्या आधी वस्ताद सही करायला बसले. पेन उघडलं. मग बंद करून ठेवलं, चष्मा मागवला आणि पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचायला लागले. एका पानावर अडकले. “‘उभयपक्षी’ म्हणजे?”

“दोन्ही बाजूंनी.”

“मग तसं लिही ना सरळ.” पुढं वाचू लागले. बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, शिंपी जांभया देत होता, पुतण्या घड्याळ बघत होता.

“वस्ताद, आटपा की! ठरलंय ना सगळं?” पुतण्या म्हणाला.

वस्तादांनी मानही वर केली नाही. “सही माझी आहे. वेळ मी घेणार.” आणि बोट ओलं करून ते पुढच्या पानावर गेले. “बाळ, तोवर गिऱ्हाईक घे. खाटकाची दाढी आहे. वस्तरा तिथंच ठेवलाय.”

वकीलबाईनं क्षणभर बापाकडं पाहिलं आणि वस्तरा उचलला. खाटीक जरा चुळबुळला, पण बसला.

हे झालं त्याला आता बराच काळ लोटला. वस्ताद हल्ली सगळंच वाचतात. दुधाच्या पिशवीवरचंही वाचतात आणि मुदत उलटलेली असली तर दुकानदाराला परत नेऊन देतात. आम्ही सगळे कंटाळलोय, पण कुणी तक्रार करत नाही. माझं रेक्झिन दोनदा बदललं, उशी नवी आली. वकीलबाईनं मला खिडकीजवळ सरकवलंय. तिथं उजेड चांगला पडतो.

दुकानदारांनो, माझ्यासारख्या तुमच्याही वस्तू आहेत. तराजू आहेत, शिलाई यंत्रं आहेत, भट्ट्या आहेत, आणि त्यांना तोंड नाही. त्यांच्या वतीनं मी सांगते. एकमेकांशी गोड बोलत असता ना, तेव्हाच लिहून घ्या. भांडण सुरू झाल्यावर प्रत्येकाला वेगळंच आठवतं. आणि घरातली पोरगी ‘हे काय लिहिलंय’ म्हणून विचारायला लागली, तर तिला टोपणनाव देऊन हसू नका. तिच्या हातात कागद द्या.

बरं, मला आता वर चढायचंय. एक मोठं गिऱ्हाईक आलंय, आणि ते दाढीसाठी वकीलबाईचाच हात मोकळा व्हायची वाट बघतंय.