दादाला न चालणारं विमान

माझा भाऊ वर्षातले निम्मे दिवस विमानात बसलेला असतो, म्हणून त्याला विमानातलं सगळं कळतं. मी विमान चालवते, म्हणून मला काहीच कळत नाही. आमच्या घरात हे असं ठरून गेलंय, आणि ठरवणारा दादाच आहे.

त्याच्याकडे विमान कंपनीचं सोनेरी कार्ड आहे. ते त्याला रांगेत पुढे उभं करतं, लाउंजमध्ये बसवतं आणि कुठेही चार माणसं जमली की त्याच्या जिभेला धार लावतं. "सतत फिरणाऱ्या माणसानं एकच पथ्य पाळायचं," तो सुरू करतो, "लहान जेटच्या वाटेला जायचं नाही." मग पाढा. डोक्यावरचा कप्पा एवढासा. बॅग दारातच काढून घेतात. आत ताठ उभं राहता येत नाही. आणि जरा काही झालं की सगळ्यात आधी हीच रद्द होतात. समोरचे माना डोलावतात. मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते. मी तेच लहान जेट चालवते, हे त्या सगळ्यांना माहीत असतं.

एकदा मी न राहवून म्हटलं, "दादा, परवाना तोच असतो, परीक्षा त्याच, इंजिनाची तपासणीही तशीच. विमान लहान आहे, खोटं नाहीये."

"तुझ्याबद्दल थोडंच बोलतोय मी," तो हसत म्हणाला.

मग कोणाबद्दल बोलत होता? शेजाऱ्यांच्या बहिणीबद्दल?

रद्द होण्याचं मात्र त्याचं खरं आहे, ते मी नाकारत नाही. कंपनी राखीव कॅप्टन मोठ्या विमानांसाठी ठेवते. आमच्याकडे एक जण आडवा पडला की ते उड्डाण गेलंच. पण दादानं कधी कंपनीला नावं ठेवली नाहीत. कार्ड तिचंच ना.

आमच्या गावच्या धावपट्टीवर फक्त लहान विमान उतरतं. मी आठवड्यातून दोनदा तरी तिथे जाते. दादा मात्र मोठ्या विमानानं पलीकडच्या शहरात उतरतो आणि तिथून गाडी करून अर्धा दिवस घाट चढत-उतरत घरी पोचतो. बाबांनाही त्याच रस्त्यानं आणायचा आणि न्यायचा, कारण तिकिटं तो काढायचा. इतक्या वर्षांत बाबा एकदाही माझ्या विमानात बसले नाहीत. मी समजून चालले होते की त्यांना भीती वाटते. म्हाताऱ्या माणसाला कशाला भरीला घालायचं, म्हणून मी कधी विषयही काढला नाही.

त्या दिवशी सकाळी मी गणवेश चढवत होते तेव्हा आत्याचा फोन आला. बाबांच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, कधीही फुटेल असं डॉक्टर म्हणत होते. शस्त्रक्रिया लगेच करायची होती. "पण ऐकतोय कुठे हा," आत्या म्हणाली. "दोन्ही पोरांना बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून अडून बसलाय. डॉक्टर म्हणतात, दुपारच्या पुढे आम्ही थांबणार नाही. या गं बायांनो लवकर." घाबरली की आत्या सगळ्यांना बाया करते.

माझं त्या सकाळचं उड्डाण गावाकडचंच होतं. तासाभराचा प्रवास. आमच्यात एक शिस्त आहे: विमानाकडे जाण्याआधी प्रत्येकानं स्वतःला विचारायचं, आज आपण चालवण्याच्या स्थितीत आहोत का? मी विचारलं. काळजी होती, पण डोकं थंड होतं. हात स्थिर होते. मी स्वतःला हो म्हटलं आणि ते खरं होतं.

मग मी दादाला फोन केला. त्याच्या मोठ्या विमानाला संध्याकाळपर्यंत जागा नव्हती. 

"म्हणजे तुझ्या डब्यातच बसायचं म्हण की," तो म्हणाला.

"बाबा थांबलेत, दादा. ये मुकाट्यानं."

आला. पण मुकाट्यानं येईल तर तो दादा कसला? मी आणि सहवैमानिक कॉकपिटमध्ये तयारी करत होतो. प्रवासी चढत होते. इतक्यात केबिनमधली मुलगी आत डोकावली. "कॅप्टन, जरा येता का? एक गृहस्थ बॅग खाली द्यायला तयार नाहीत. जिना अडवून उभे आहेत. म्हणतात, तुम्ही त्यांच्या बहीण लागता."

लागते, काय करणार. मी बाहेर आले. दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर बॅग पोटाशी धरून उभा. त्याच्यामागे खालपर्यंत लोक खोळंबलेले, उन्हात.

"हिला सांग मी कोण आहे ते," तो म्हणाला.

"तू कोण आहेस ते तिला चांगलंच कळलंय. बॅग दे. ती वरच्या कप्प्यात मावत नाही. उतरल्यावर जिन्यापाशीच परत मिळते."

"माझी बॅग आजवर कधी खाली गेलेली नाही."

"आज जाईल."

"बाबा तिकडे मरायला टेकलेत आणि तू मला नियम शिकवतेस?"

"बाबा वाट बघतायत आणि तू बॅगेवरून विमान अडवून ठेवलंयस. लाज वाटू दे जरा."

लोकांसमोर लाज काढलेली त्याला सहन होत नाही. त्याचा चेहरा लालबुंद झाला, आणि मग जे पोटात होतं ते ओठावर आलं.

"म्हणून सांगतो, माणसानं ह्या डब्यात बसू नये! बाबांचा दरवेळी हट्ट. छोटीच्या विमानानं जातो, छोटीच्या विमानानं जातो. दरवेळी मीच हाणून पाडला. तिकिटंच मिळत नाहीत म्हणून सांगायचो. बरं केलं मी."

छोटी म्हणजे मी. मला आधी नीट कळलंच नाही. "काय म्हणालास? बाबांना यायचं होतं?"

"त्यांना काय कळतंय त्यातलं!"

"ते घाबरत नव्हते?"

"ते कशाला घाबरतील?" दादा म्हणाला, बॅग त्या मुलीच्या हातात कोंबली आणि वाकून आत गेला.

मी तिथेच उभी. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तशी गेली. बाबांना माझ्या विमानात बसायचं होतं. दरवेळी. आणि हा माणूस त्यांना सांगत होता की तिकिटं मिळत नाहीत. माझं विमान कित्येकदा निम्मं रिकामं गेलंय. बाबांना वाटलं असेल, हिला एक जागा ठेवता येत नाही बापासाठी. आणि मला वाटत राहिलं की माझ्या बापाचा माझ्यावर भरवसा नाही. दोघांनाही याच्या शहाणपणानं गप्प बसवलं होतं.

मी कॉकपिटमध्ये येऊन बसले. चेकलिस्ट सुरू झाली. सहवैमानिक एकेक बाब वाचतो, मी त्या उपकरणाकडे बघून उत्तर देते. बघून, हे महत्त्वाचं. तो म्हणाला, "उंचीमापक." मी म्हणाले, "सेट."

तो थांबला. "कॅप्टन, तुमच्या बाजूला अजून कालचाच आकडा आहे."

उंचीमापकात त्या दिवसाचा हवेचा दाब भरावा लागतो. तो चुकला की विमान खरं किती उंचावर आहे ते कळत नाही. आमच्या गावची धावपट्टी दोन डोंगरांच्या मध्ये आहे. मी आकडा बदलला. पुढची बाब. "सेट," मी म्हणाले, आणि तीही सेट नव्हती. त्याच्या पुढची बाब त्यानं वाचायला घेतली, तर ती वाचून व्हायच्या आधीच माझ्या तोंडून "सेट" निघून गेलं होतं. हजारो वेळा म्हटलेला शब्द आपोआप बाहेर येत होता, आणि मी मात्र त्या जिन्यावरच उभी होते, दादाशी भांडत.

सहवैमानिकानं यादी मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. एवढी सभ्यता आमच्यात असते.

"पाच मिनिटं दे," मी म्हणाले.

पाणी प्यायले. अर्धं गणवेशावर सांडलं. डोळे मिटून श्वास मोजायला गेले, तर प्रत्येक श्वासाला "दरवेळी मीच हाणून पाडला". मला त्या दिवशी जितकं उडायचं होतं तितकं आयुष्यात कधी उडायचं नव्हतं. तासाभरावर बाबा होते. मागे जवळजवळ सत्तर माणसं होती, त्यांचेही कुणी ना कुणी कुठेतरी वाट बघत असणार. मी पुन्हा तोच प्रश्न स्वतःला विचारला. या वेळी हो म्हणता येईना. राग उतरतच नव्हता.

मी ड्युटी ऑफिसरला फोन लावला. "मी आज चालवण्याच्या स्थितीत नाही."

"बरं नाहीये का?"

"तसं नाही. पण चालवू शकत नाही."

"राखीव कॅप्टन नाही. रद्द करावं लागेल, माहितीये ना?"

"माहितीये."

हे माइकवरून सांगून मोकळं होता आलं असतं. पण ते मला पटलं नाही. मी दार उघडून पहिल्या रांगेसमोर उभी राहिले आणि म्हणाले की विमान उत्तम आहे, हवा उत्तम आहे, पण कॅप्टन आज विमान चालवण्यास योग्य नाही, आणि कॅप्टन मी आहे. एकच गलका उठला. कुणी माझी तक्रार करणार होतं, कुणी कंपनीची. मागून एक बाई ओरडल्या की पगार कशाचा घेता. त्यांचं चुकलं नव्हतं.

दादा ताडकन उठला. डोकं छताला आपटलं.

"हे काय नाटक आहे?"

"नाटक नाही. माझं चित्त ठिकाणावर नाही. मी तीन चुका केल्या आत्ता."

"अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे! रोजचा रस्ता तुझा. डोळे मिटून नेशील तू. चालव की!"

सोनेरी कार्डवाला माझा भाऊ. मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. हात मागे बांधून मी उभी राहिले.

"इतकी वर्षं सांगत आलास की ह्या विमानात बसणं धोक्याचं आहे," मी म्हणाले. "तेव्हा ते खोटं होतं. आज पहिल्यांदा ते खरं आहे, तर म्हणतोस चालव?"

लोक ऐकत होते. ऐकू देत, म्हटलं.

गाडी मीच ठरवली, थेट गावापर्यंत. आम्ही दोघं मागच्या सीटवर, मधे त्याची ती बॅग.  अर्ध्या वाटेत आत्याचा फोन आला की आता थांबता येत नाही, आत नेतायत. बाबांना फोन दे म्हणेपर्यंत त्यांना नेलं होतं. उतार लागला तेव्हा पुन्हा फोन वाजला. पलीकडे आत्या होती, पण तिला काही बोलता येईना. तिच्या रडण्यावरूनच आम्हाला कळलं.

दादा खिडकीकडे तोंड करून रडला. मी रडले नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत होते.

मग माणसं येऊ लागली. बाबांच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण हळू आवाजात विचारायचा, भेट झाली का हो? आणि दादा मान हलवून सांगायचा, "कुठली भेट? विमानच रद्द झालं. हिच्या त्या लहान विमानांचा काही भरवसाच नाही." समोरचे चुकचुकायचे. पहिल्या दिवशी मी ऐकून घेतलं. बाप गेलेला माणूस आहे, बोलू दे. दुसऱ्या दिवशीही ऐकलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं तेच वाक्य पुन्हा टाकलं, तेव्हा आत्या माझ्याशेजारी होती. ती कुणाला उद्देशून नाही, अशीच म्हणाली, "माझा भाऊ शेवटपर्यंत डॉक्टरांना थोपवत होता. म्हणायचा, छोटीचं विमान ह्या दवाखान्यावरूनच उतरतं. आवाज आला की मला आत न्या. खिडकी उघडी ठेवायला लावली होती त्यानं."

 पाहुणे जरा वेळ बसले आणि उठले. मी दार लावलं आणि दादासमोर येऊन उभी राहिले.

"ऐकलंस?"

"आता ते उगाळून काय उपयोग?" तो म्हणाला.

"ऐक. तू त्यांना जन्मात एकदा माझ्या विमानात बसू दिलं नाहीस. आणि त्या दिवशी जिन्यात उभं राहून मलाही त्यातून उतरवलंस. मी उतरले ते बरोबर होतं. उद्या परत तसंच झालं तरी मी उतरेन. पण त्यासाठी बाबा त्या खिडकीकडे कान लावून गेले, आणि तू इथे बसून विमानाला नावं ठेवतोयस. विमानाला काय झालं होतं? सांग ना! काय झालं होतं विमानाला?"

"हळू बोल," तो म्हणाला. "लोक आहेत बाहेर."

"मग त्यांना खरं सांग."

 बाहेर पुन्हा चपला वाजल्या, कुणीतरी खाकरून दार ढकललं. दादाच्या ओळखीचे कुणी गृहस्थ होते, हातातल्या पाकिटातून तसंच सोनेरी कार्ड डोकावत होतं. बसले, उसासा टाकला आणि विचारलं, "भेट झाली का हो?"

मी दादाकडे बघितलं.  त्यानं पाहुण्यांपुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"नाही झाली," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. "का नाही झाली, ते मी सांगते तुम्हाला."

दादा उठून जायला निघाला. आत्यानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.